संमेलनाच्या मंडपात सायलेंट शटर लावलं की फोटोत पट्टे का येतात?

प्रश्न – येळ्ळूर_रोड
बेळगावजवळच्या कडोली, येळ्ळूर, उचगावच्या साहित्य संमेलनात कवी वाचत असताना खटखट नको, म्हणून इलेक्ट्रॉनिक (सायलेंट) शटर लावतो. बॉडी २४ मेगापिक्सेल, फुल फ्रेम, सेन्सर साधा, म्हणजे खूप वेगानं वाचणारा 'स्टॅक्ड' प्रकारचा नाही. १/२५० ला मंचामागच्या पडद्यावर आडवे काळपट पट्टे उमटतात. मेकॅनिकलला इतके दिसत नाहीत. याच बॉडीवर आनंदवाडी आखाड्यातल्या कुस्त्या आणि शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूकही काढायची आहे. कुठं कोणतं शटर लावायचं?

खानापूरकर
आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे मंडपातले साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. तुमच्यासारख्या बॉडीचा सेन्सर इलेक्ट्रॉनिक शटरला वरून खाली एकेक ओळ वाचत जातो आणि पूर्ण फ्रेमला साधारण १/१५ ते १/२५ सेकंद घेतो. तेवढ्यात दिवा चार ते सात वेळा चढतो-उतरतो, म्हणून तितके पट्टे. मेकॅनिकल शटरचा पडदा तीच फ्रेम १/२५० सेकंदाच्या आसपास ओलांडतो. त्यामुळे तिथं पट्ट्यांऐवजी एक फोटो उजळ, दुसरा काळवंडलेला असं होतं.

उपाय सोपा आहे. शटर स्पीड १/१०० किंवा १/५० ठेवा, म्हणजे प्रत्येक ओळीला प्रकाशाचे पूर्ण फेरे मिळतात. १/१२५ चालत नाही, बरोबर १/१००च हवा. वाचणारा कवी फार हलत नाही, त्यामुळे १/१०० पुरतो, शिवाय आयएसओ सव्वा स्टॉपनं खाली येतो.

डिमरवरचे एलईडी आणि मंचामागची एलईडी वॉल यांची फडफड वेगळ्या, बऱ्याचदा खूप जास्त वेगाची असते. तिथं १/१०० ची खात्री नाही. बॉडीत शटर स्पीड बारीक-बारीक बदलायची सोय असेल तर पट्टे जाईपर्यंत तो सरकवा, नसेल तर मेकॅनिकल. कार्यक्रमाआधी रिकाम्या मंचाचा एक फोटो काढून मोठा करून बघा, छोट्या स्क्रीनवर फिके पट्टे दिसत नाहीत. कॅमेरा उभा धरला तर पट्टेही उभे येतात, तेव्हा त्यांना पडद्याची घडी समजू नका.

तांबडी_माती
कुस्तीला या बॉडीवर इलेक्ट्रॉनिक अजिबात नको. १/४००० लावला तरी वाकडेपणा जात नाही, कारण तो प्रत्येक ओळीचा वेळ. पूर्ण फ्रेम वाचायला १/२० सेकंद लागतोच. ढाक मारताना पाय सेकंदाला ५ मीटरनं फिरला तर तेवढ्यात २५ सेंटिमीटर सरकतो. पाय धारदार येतो, पण रबरासारखा वाकलेला.

मेकॅनिकलमध्येही दोन प्रकार आहेत, त्यातला फरक कळला पाहिजे. इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टनमध्ये सुरुवात सेन्सर करतो, शेवट खरा पडदा करतो. लांब लेन्सला १/६० ते १/२०० मध्ये पहिल्या पडद्याच्या धक्क्यानं फोटो हलतो, तिथं हाच घ्या. पण दुपारच्या उन्हात लेन्सचं तोंड मोठं उघडून, एफ १.८ ला १/२००० च्या वर गेलात की यात मागचे धूसर गोल एका बाजूनं कापलेले येतात. तेव्हा पूर्ण मेकॅनिकल.

पुढंमागं स्टॅक्ड सेन्सरची बॉडी घेतली तर हे गणित बदलेल. निकॉन झेड ९ आणि झेड ८ मध्ये मेकॅनिकल शटर नाहीच, सोनी ए ९ थ्री तर सगळ्या ओळी एकदम वाचतो.

खानापूरकर
मिरवणुकीचं राहिलं. स्टॅक्ड नसलेल्या बहुतेक बॉडींत इलेक्ट्रॉनिकला फ्लॅश उडतच नाही. शेजारच्याचा फ्लॅश उडाला तर तुमच्या फोटोत मधेच एक पांढरी पट्टी येते. म्हणून रात्री मेकॅनिकल आणि सिंक स्पीडच्या (फ्लॅश पूर्ण फ्रेमवर पडतो तो सर्वांत जलद शटर स्पीड) आत, बॉडीनुसार १/१६० ते १/२५०.

मिरवणुकीतल्या लेसर दिव्यांचं मात्र कळकळीनं सांगतो. मिररलेसमध्ये स्क्रीनवर चित्र दिसतंय तोवर सेन्सर उघडाच असतो, कुठलंही शटर त्याला वाचवत नाही. झोत लेन्सकडं वळताना दिसला की कॅमेरा खाली करा.

नवा_बसस्टँड
एक भर. काही बॉडी इलेक्ट्रॉनिकला रॉ फाइल १४ ऐवजी १२ बिटची करतात, मग काळोख्या भागातून तपशील ओढताना दाणे जास्त येतात. मॅन्युअलमध्ये बघून घ्या. शटर 'ऑटो'वर सोडू नका, प्रकाश बदलला की कॅमेरा स्वतःच प्रकार बदलतो. डायलवर आपली सेटिंग साठवायच्या जागा असतात, त्यात संमेलनाचं सेटिंग सी १ ला, कुस्तीचं सी २ ला सेव्ह करा. आणि सायलेंटला फोकसची बीप आणि मदतीचा लाल दिवा बंद झालाय ना, तेही तपासा. काही बॉडींत ते वेगळं बंद करावं लागतं.