घोडबंदर रस्त्यावर केमन जीटी४

प्रश्न (कासारवडवली): माझी पोर्श ७१८ केमन जीटी४ साध्या केमनपेक्षा ३० मिलिमीटर खाली बसते, त्यामुळे सोसायटीच्या गतिरोधकावर बंपरची खालची कड रोज घासते. स्प्रिंग बदलून गाडी उंच करावी का?

उत्तर (खारघर): स्प्रिंगला हात लावण्याआधी कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल) तपासून घ्यावा, ट्रॅकसाठी ठेवलेला जास्तीचा ऋण कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) वळणावर पकड देतो, परंतु पाम बीच मार्गासारख्या बहुतांशी सरळ रस्त्यावर टायरची आतली कड आधी झिजवतो. गतिरोधक तिरका ओलांडावा.

उत्तर (नौपाडा): माझ्या मते खरी अडचण पावसाळ्याची आहे. ट्रॅककडे झुकणाऱ्या मिशलिन कप २ टायरची नक्षी उथळ असल्याने साचलेल्या पाण्यावर पकड लवकर सुटते, म्हणून जूनपूर्वी मिशलिनचेच रस्त्यासाठीचे पायलट स्पोर्ट ४एस टायर बसवावेत.

प्रश्नकर्ता: उंची तशीच ठेवतो, टायरचा खर्च घरी कसा सांगावा, तेवढे सुचवावे.