कअब बिन झुहैर यांचा ‘बुर्दा’ नेमका कोणता?

वाचनवेडा: कअब बिन झुहैर या सहाबी (प्रेषित मुहम्मदांचे साथी) शायराला प्रेषितांनी चादर दिली, म्हणून त्यांच्या कसीद्याला (दीर्घ अरबी कवितेला) ‘बुर्दा’ म्हणतात ना? मग ‘मौला या सल्लि’ म्हणत गातात तो हाच का? यूट्यूबवर सगळी सरमिसळ आहे.

बखरबहाद्दर: नाही. तो १३व्या शतकातल्या इजिप्तच्या शायर बूसीरींचा. कअबचा ‘बानत सुआद’ने सुरू होतो. वृत्त दोन्हींचं बसीतच, त्यामुळे चालीवर जाऊ नका, यमक बघा. कअबचा शेर ‘लु’वर संपतो (मतबूलु, मकबूलु), बूसीरींचा ‘मि’वर. शिवाय कअबचे शेर साठाच्या आत, बूसीरींचे १६०च्या आसपास.

वाचनवेडा: पण माफी मागायला आलेला माणूस आधी प्रेयसीचं रडगाणं का गातो? अर्ध्यात सोडून दिलं मी.

काफिया: कसीद्याची रीतच तशी. सुआदचे बाराएक शेर, मग तिच्यापर्यंत पोचवू शकेल अशा सांडणीचं लांबलचक वर्णन, आणि मग मुद्दा. कअब झुहैर बिन अबी सुल्मा या मुअल्लकाकाराचा (मुअल्लका म्हणजे इस्लामपूर्व काळातले नावाजलेले कसीदे) मुलगा, घरातच जुनी शायरी मुरलेली. भाऊ बुजैर मुसलमान झाला तेव्हा कअबने त्याला टोमणे मारणारे शेर रचले, ते मदीनेत पोचले आणि जिवावर बेतलं. ताइफच्या वेढ्यानंतर (इ.स. ६३०) बुजैरने कळवलं, पश्चात्तापाने येणाऱ्याला प्रेषित मारत नाहीत, ये. हा मदीनेत आला, पहाटेच्या नमाजनंतर प्रेषितांच्या हातात हात देऊन विचारलं, ‘कअब तौबा (पश्चात्ताप) करून आला तर स्वीकाराल?’ हो म्हटल्यावर नाव सांगितलं. एक अन्सारी (प्रेषितांना साथ देणारा मदीनेचा रहिवासी) लगेच त्याची मान उडवायला उठला! कसीद्यात मुहाजिरांची (मक्केहून मदीनेत आलेल्या मुसलमानांची) स्तुती आहे आणि अन्सारांना चिमटा, तो यामुळेच. पुढे त्यांच्या स्तुतीची वेगळी कविता रचून त्याने भरपाई केली. सांडणी वगळून वाचायचं असेल तर खुशाल वगळा, पण मग तो शायर म्हणून किती तयारीचा होता ते कळणार नाही. प्रेषितांना उपसलेली हिंदी तलवार म्हणणारा शेर शेवटाकडे आहे.

बखरबहाद्दर: चादरीबाबत जरा जपून. इब्न हिशामच्या सीरतमध्ये (प्रेषितांच्या चरित्रात) हा प्रसंग सविस्तर आहे, पण चादर नाही. ती इतर ग्रंथांतून येते. खलिफा मुआवियांनी कअबच्या वारसांकडून ती २०,००० दिरहमना घेतली, असं सांगतात. इस्तंबूलच्या तोपकापीतला पवित्र झगा तोच, ही उस्मानी (ऑटोमन तुर्कांची) परंपरा.