स्टेनलेस सुऱ्यापेक्षा पाट्याचा कोयता

अंगणातल्या कामाला आणि अडीअडचणीला चकचकीत स्टेनलेसचा मोठा सुराच घ्या, असं काही जण सुचवतात. मला नाही पटत. तसला घेतला होता. वेडी बाभूळ तोडताना दुसऱ्याच दिवशी पातं मुठीत खुळखुळायला लागलं. मूठ उघडून बघतो तर आत पात्याचं जेमतेम दोन इंच शेपूट! मग इथं सोलापुरातच लोहाराकडून ट्रकच्या पाट्याचा, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचा, कोयता करून घेतला. पोलाद मुठीच्या टोकापर्यंत अखंड, वर लाकूड, तीन रिवेट. गंजतो, पण तेलाचं बोट फिरवलं की भागतं. वळवाच्या वादळात फाटकावर पडलेली कडुलिंबाची फांदी यानंच मोकळी केली. आणि हो, 9 इंचांहून लांब पात्याला शस्त्र नियम लागू होतात. शेतीची, घरकामाची अवजारं त्यातून वगळलीत. तरी डिकीत घालून फिरू नका, नाक्यावर कोण ऐकून घेणार?