फिल्म वाळली की पांढरे गोल डाग राहतात, काय चुकतंय?

लोकमान्यनगरकर
नमस्कार मंडळी, मी इंदूरची, दोनेक महिने झाले घरीच ब्लॅक अँड व्हाइट फिल्म धुतेय, एचपी५ फिल्म आणि डी-७६ डेव्हलपर. डेव्हलपिंग बरं जमतंय पण फिल्म वाळली की थेंब वाळल्यासारखे पांढरे गोल डाग आणि मधूनच लांब ओघळ दिसतात. कालच्या रोलमध्ये आजीचे फोटो आहेत, ती आता ८४ ची आहे, आणि डाग नेमके तिच्या चेहऱ्यावर आलेत हो. धुते बोअरच्या पाण्यात, कारण नर्मदेचं एक दिवसाआड येतं ते प्यायला भरून ठेवतो. शेवटी टँकमध्ये अर्धं झाकण फोटो-फ्लो (पाणी थेंब न धरता ओघळून जावं म्हणून घालायचं द्रावण) घालते आणि मग फिल्म दोन बोटांत धरून पाणी निपटते. हा रोल वाचेल का?

सुदामानगर_३५एमएम
ताई, घाबरू नका, निगेटिव्ह गेलेली नाही. आधी टेबल लॅम्पखाली फिल्म तिरकी धरून डाग कुठल्या बाजूला आहेत ते बघा. चकचकीत बाजू म्हणजे बेस (नुसतं प्लास्टिक), तिथे असतील तर बहुतेक सगळे निघतात, मंद बाजू म्हणजे इमल्शन (ज्यात चित्र असतं तो थर), तिथे जरा कठीण.

गोल डाग बोअरच्या क्षाराचे. तुमच्या गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर धरतो ना, तोच. थेंबातलं पाणी उडून जातं, कॅल्शियम मागे राहतो. ओघळ मात्र मला फोटो-फ्लोचे वाटतात. त्याचं प्रमाण १ भागाला २०० भाग पाणी, म्हणजे ३०० मिलीच्या टँकला दीडच मिली! अर्धं झाकण फार झालं, सुई काढलेल्या सिरिंजने मोजत जा.

धुणं बोअरच्या पाण्यात चालेल, पण शेवटचं पाणी डिस्टिल्डच हवं, फोटो-फ्लोही त्यातच मिसळा आणि त्यानंतर परत नळाखाली धरू नका. बॅटरीच्या दुकानात ५ लिटरचा कॅन मिळतो, फक्त टॉप-अपचं पाणी मागा, ॲसिड नाही.

बडोद्याचा_अंधारखोलीवाला
वरचं सगळं बरोबर, पण ते बोटांनी निपटणं आधी बंद करा. ओलं इमल्शन फुगून मऊ झालेलं असतं, बोटाला एक कण रेती असली तर पूर्ण रोलभर रेघ ओढली जाते आणि डाग धुता येतो, रेघ नाही येत. खाली वजनाची क्लिप लावा, बाथरूममध्ये टांगा, आधी गरम पाणी सोडून वाफ केली की धूळ बसते, मग दार लावून घ्या, पंखा नको.

आणि पाणी वाचवायचं तर इलफर्ड या फिल्म कंपनीची पद्धत आहे, टँक भरून ५ वेळा उलटापालटा, ओता, परत भरून १०, परत २०. पण हे नॉन-हार्डनिंग (इमल्शन कडक न करणारा) फिक्सर असेल तरच, आणि तिन्ही पाणी केमिकलच्या तापमानाच्या जवळपासचं हवं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं थेट घेऊ नका.

जुन्या क्षाराला पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून दोन-तीन मिनिटं, मग नीट धुवून डिस्टिल्ड. आधी रोलच्या टोकाच्या कोऱ्या तुकड्यावर करून बघा.

लोकमान्यनगरकर
केलं! आधी कोऱ्या तुकड्यावर, मग पूर्ण रोल. बेसवरचे सगळे गेले, ओघळपण नाहीत. आजीच्या एका फ्रेममध्ये कपाळाजवळ इमल्शनच्या बाजूला एक कडं अजून आहे. दादा, ते परत भिजवू की स्कॅनमध्ये रिटच करू?

सुदामानगर_३५एमएम
रोल पूर्ण वाळू द्या, मग तेवढीच पट्टी डिस्टिल्डमध्ये अर्धा तास भिजवा, इमल्शन परत एकसारखं फुगू दे. घासू मात्र नका.