जर्मनीत पीआर (कायमचा निवास परवाना): वेर्कश्टुडंट (शिकताना अर्धवेळ नोकरी करणारा विद्यार्थी) असतानाचे पेन्शनचे महिने धरतात का?

इथल्याच विद्यापीठातून मास्टर्स झालंय, आता १८बी परवान्यावर (पदवीधर कुशल कर्मचाऱ्यांचा निवास परवाना) पूर्णवेळ नोकरी. ब्लू कार्ड (जास्त पगाराच्या पदवीधरांचा वेगळा परवाना) नाही. जर्मन विद्यापीठाच्या पदवीधरांना पीआरसाठी २ वर्षं परवाना आणि २४ महिने पेन्शन वर्गणी लागते. परवान्याची २ वर्षं होतील, पण नोकरी बदलताना खंड पडल्यामुळे वर्गणीचे काही महिने कमी पडतात. जर्मन भाषेची बी१ पातळी आहे, प्रोबेशन संपलंय. पीआरच्या सर्वसाधारण ५ वर्षांच्या मार्गात शिक्षणाचा काळ निम्माच धरतात, त्यामुळे तोही अजून दूर.

पेन्शन खात्याचा उतारा मागवला, त्यात विद्यार्थी असतानाच्या वेर्कश्टुडंट नोकरीची वर्गणी दिसते (मिनीजॉब, म्हणजे ठराविक मर्यादेच्या आत पगार असलेली छोटी नोकरी, नव्हती). परदेशी नागरिक कार्यालयाला ईमेल केला, नेहमीप्रमाणे फक्त पोच आली. वकील शेवटचा पर्याय.

असे महिने २४ मध्ये धरून कुणाला पीआर मिळालाय का? कुठल्या राज्यात, आणि उताऱ्याशिवाय आणखी काय जोडावं लागलं?