केळीच्या बागेत फिल्टरशिवाय

शटर उघडं असताना कॅमेरा मुद्दाम हलवून फोटो काढायचा तर एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, प्रकाश कमी करणारी काळपट काच) हवाच, असं एक मत आहे; ते उघड्या रानापुरतं बरोबर. पण आमच्या रावेरकडच्या केळीबागेत शिरा, पानांचं छप्परच फिल्टरचं काम करतं. आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) १०० आणि लेन्सचं छिद्र बारीक, एफ/१६ ठेवलं की शटर १/४ सेकंदापर्यंत सहज उतरतं, म्हणजे तेवढा वेळ उघडं राहतं. कॅमेरा खोडाच्या दिशेने, वरून खाली हलवायचा. वाऱ्याने चिंध्या झालेल्या पानांचे हिरवे ओघळ उतरतात, खोडाला लोंबणाऱ्या वाळक्या पानांचे तांबूस पट्टे त्यात मिसळतात. फार देखणं दिसतं!

एक मात्र सांभाळा. हात आधी हलू द्या, मग बटण दाबा आणि शटर बंद झाल्यावरच थांबा. नाहीतर रेषेच्या टोकाला हुकासारखा बाक उमटतो. माझे पहिले कितीतरी फोटो त्यानेच वाया गेले.