‘गल्ला’ टाइप केलं आणि प्रिंटर उघडला: सहा मशीनच्या पेढीत नावांची वही ठेवायची कुठे?

पेढीवरचा_दिवाणजी

सांगली मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. सहा कॉम्प्युटर, पाचांवर लिनक्स मिंट, गोडाऊनमधल्या जुन्यावर डेबियन. हिशोब ज्या मशीनवर असतो तिचं नाव गल्ला. बाकीच्यांवर ब्राउझरमध्ये ‘गल्ला’ लिहून पुढे तिरकी रेघ मारली (रेघ विसरलात की ब्राउझर इंटरनेटवर शोधत बसतो) की पट्टीचा (शेतकऱ्याच्या विक्रीच्या हिशोबाचा) प्रोग्रॅम उघडतो. सगळ्यांच्या ईटीसी फोल्डरमधल्या होस्ट्स फाईलमध्ये (कुठल्या नावाचा पत्ता काय, याची मशीनमधली वही) एकच ओळ, गल्ला म्हणजे १९२.१६८.१.१०. तीन वर्षं कुणी हात लावला नव्हता.

परवा सौदे संपले, शेतकरी पट्टीसाठी दारात, आणि लाईट गेली. अर्ध्या तासानं आली. काउंटरवरच्या मुलीनं गल्ला टाइप केलं तर समोर प्रिंटरचं पान. टोनर १२ टक्के, ट्रे रिकामा. ती म्हणाली, “काका, हिशोब गेला सगळा.” माझ्या पोटात गोळा.

दोन तासांनी उलगडा झाला. राउटर आणि प्रिंटर लाईट आल्याबरोबर सुरू होतात, गल्ल्याचं बटण दाबावं लागतं. राउटरला जुनं वाटप आठवत नाही, त्यानं .१० (पत्त्याचा शेवटचा आकडा) प्रिंटरला देऊन टाकला. गल्ला उठला तेव्हा त्याला .११ मिळाला. होस्ट्स फाईल बिचारी जुनाच पत्ता सांगत राहिली.

त्यातला दीड तास मी एनएसलुकअपच्या (नावाचा पत्ता विचारायची आज्ञा) नादात घालवला. गोडाऊनच्या मशीनवर ते म्हणे असं नावच नाही, पिंग (मशीन उत्तर देतं का बघणारी आज्ञा) मात्र .१० कडे जात होतं.

माझं मत: लहान पेढीला होस्ट्स फाईलच बरी. गल्ल्याला पक्का पत्ता द्या, सहा ठिकाणी एक ओळ लिहा आणि विसरा. अवाही (मशीननं जाळ्यावर आपलं नाव आपणच सांगायचं), डीएनएस (नावांचे पत्ते सांगणारा सर्व्हर) वगैरे थाट आपल्याला नको. कुणाला पटत नसेल तर सांगा.

तंबोरा_मिरज

नाही पटत. पत्ता बदलला म्हणून तुमची वही खोटी ठरली, आणि उपाय काय, तर तीच वही परत सहा ठिकाणी लिहायची? त्यापेक्षा गल्ल्यालाच हाक मारा की. गल्ल्यावर अवाही चालू ठेवा आणि नाव वापरा गल्ला.लोकल. विचारणारं मशीन २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ पोर्टवर सगळ्यांना एकदम विचारतं, “गल्ला कोण?” आणि गल्ला स्वतःच पत्ता सांगतो. त्याला .१० मिळो नाहीतर .७७. ही २०१३ पासूनची प्रमाणित पद्धत आहे, कुणाच्या डोक्यातलं खूळ नव्हे.

भडंग_आणि_बॅश

मर्दा, आधी प्रिंटरला पक्क्या पत्त्याच्या खुंटीला बांध. मग भांडा.

पेढीवरचा_दिवाणजी

तंबोरा, हे करून बघितलंय. मिंटवर चाललं. डेबियनचं मशीन गल्ल्याशेजारी आणून त्याच स्विचला लावलं, तर अवाही-ब्राउझमध्ये गल्ला ढळढळीत दिसतो आणि पिंग म्हणतं नाव माहीत नाही. एकाच मशीनवर दोन जबान्या. अशा साक्षीदारावर मी पट्ट्या काढायच्या?

तंबोरा_मिरज

साक्षीदार खरा आहे, तुमच्या पिंगला त्याच्यापर्यंत जायची वाट नाही. नाव कुठल्या क्रमानं शोधायचं ते ईटीसीतल्या एनएसस्विच फाईलमध्ये ‘होस्ट्स’ने सुरू होणाऱ्या ओळीत असतं. तुमच्या डेबियनवर तिथं फक्त फाइल्स आणि डीएनएस असणार. लिबएनएसएस-एमडीएनएस हे पॅकेज टाका, डीएनएसच्या आधी एमडीएनएस४-मिनिमल (अवाहीकडे जायची वाट) आपोआप येऊन बसेल. अवाही-ब्राउझ थेट अवाहीला विचारतं, पिंग या ओळीप्रमाणं चालतं. म्हणून दोन उत्तरं.

एनएसलुकअपचंही तेच. ते होस्ट्स फाईल बघत नाही, सरळ डीएनएसला विचारतं.

विश्रामबाग_लॅब

एवढं सरळ नाही ते. त्यांच्या मिंटवर तोच एनएसलुकअप गल्ल्याचा पत्ता सांगेल. तिथं मशीनच्या आतच, १२७.०.०.५३ वर सिस्टमडी-रिझॉल्व्हड बसलेला असतो आणि तो होस्ट्स फाईल वाचतो. एनएसलुकअप त्याला डीएनएस सर्व्हर समजून विचारतं, तो वाचून सांगतो. साध्या डेबियनवर तो मध्यस्थ नसतो, प्रश्न राउटरला जातो, आणि राउटरला तुमची होस्ट्स फाईल काय माहीत? दिवाणजी, तुमचा दीड तास इथं गेला. यापुढे कुठल्याही मशीनवर ‘गेटेंट होस्ट्स’ आणि पुढे नाव असं द्या. बाकीचे प्रोग्रॅम ज्या वाटेनं जातात त्याच वाटेनं ते जाऊन येतं. आणि ते गल्ल्यावर बसून करू नका. डेबियन-उबंटूच्या घराण्यात मशीनचं स्वतःचं नाव १२७.०.१.१ या आतल्याच पत्त्याला बांधलेलं असतं, तिथं सगळं आलबेलच दिसणार.

आता मूळ वाद. मला तुम्ही दोघंही पटत नाही. गल्ला, प्रिंटर, जे कुणी सेवा देतं त्याचा पत्ता राउटरमध्ये राखून ठेवा आणि नावं डीएनएसमास्कमध्ये (छोटा डीएनएस सर्व्हर) एकाच जागी. एकच फाईल सगळ्यांना वाटायचा प्रयोग जगानं करून झालाय. अर्पानेटवर (इंटरनेटचा पूर्वज) सगळ्या यंत्रांची नावं एका फाईलमध्ये असायची, ती एसआरआय या संशोधन संस्थेकडून उतरवून घ्यायची. ते झेपेना म्हणून १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस या संगणकतज्ज्ञानं डीएनएस मांडलं. तुम्ही २ नंबरच्या गाळ्यात तोच संसार परत थाटताय.

पेढीवरचा_दिवाणजी

त्यांच्याकडे शेकड्यांनी यंत्रं होती हो, माझ्याकडे सहा. तोलाईला ट्रकचा काटा लागतो म्हणून मी पावशेर हळद त्यावर मोजू का?

आणि राउटर माझा नाही. नेटवाल्याचा आहे, पासवर्ड त्याच्याकडे. तक्रार केली की त्याचा पोरगा येतो, टाचणी घालून रिसेट करतो, चहा पितो, जातो. तुमचं राखून ठेवलेलं सगळं त्या टाचणीबरोबर साफ.

विश्रामबाग_लॅब

हे खरं आहे, इथं मी गप्प. आमच्या क्लासमध्ये राउटर आमचा आहे म्हणून मला सोपं वाटतं. तरी डीएनएसमास्क गल्ल्यावर बसवता येईल. एक लक्षात ठेवा, नुसतं ‘गल्ला’ हे एका शब्दाचं नाव सिस्टमडी-रिझॉल्व्हड बाहेर डीएनएसला विचारतच नाही. मागे शेपूट लागतं. होम.आर्पा हे २०१८ पासून घरगुती जाळ्यासाठी राखीव आहे, ते लावा. .लोकल मात्र डीएनएसमध्ये घालू नका, ते तंबोऱ्याचं.

पेढीवरचा_दिवाणजी

म्हणजे हिशोबाच्या मशीनवर आणखी एक नोकरी. ते बंद पडलं की पट्ट्याही गेल्या आणि नेटही गेलं. नको.

गोडाऊनची_वायर

मधेच तोंड घालतो. गोडाऊनमध्ये दुसरा राउटर आहे का? आणि आलेली वायर त्याच्या वॅन (बाहेरच्या नेटच्या) भोकात खुपसलीय का?

पेढीवरचा_दिवाणजी

आहे. निळ्या रंगाचं भोक. तुम्हाला कसं कळलं?

गोडाऊनची_वायर

सगळ्यांचं तिथंच अडकतं. वॅनमध्ये घातली की गोडाऊन वेगळं जाळं होतं. तंबोऱ्याची हाक त्या राउटरच्या पलीकडे जात नाही, पॅकेज टाका नाहीतर ओवाळा. वायर लॅनच्या (आतल्या जाळ्याच्या) भोकात घाला, त्या राउटरचं पत्ते वाटणं बंद करा. मग गोडाऊन आणि दुकान एक.

तंबोरा_मिरज

वायरभाऊ, मुद्दा मान्य. आमच्याकडून विचारायचं राहिलं.

पेढीवरचा_दिवाणजी

केलं ते. राउटर .२ ते .१५० वाटतो, म्हणून गल्ला .२०० वर आणि प्रिंटर .२०१ वर, दोन्ही पत्ते त्या-त्या यंत्रात हातानं घातले. टाचणीवाला आला तरी फरक नाही. गल्ल्याच्या बायोसमध्ये (मशीनची मूळ सेटिंग) लाईट आल्यावर आपोआप सुरू व्हायचं केलं. होस्ट्स फाईलची ओळ सहाही ठिकाणी नवी. काल मुद्दाम मेन स्विच पाडून बघितला, मुलगी ओरडली, पण गल्ला उघडला.

डेबियनवर तुमचं पॅकेजही टाकलंय. गोडाऊनमधून गल्ला.लोकल लागतं.

तंबोरा_मिरज

म्हणजे शेवटी अवाही वापरताय.

पेढीवरचा_दिवाणजी

वापरत नाही. राहू दिलंय.